अंगातला साठा

आत्ती दवाखान्यात आली ती तुपाची किटली घेऊनच. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या अलीकडं तिचं गाव. सकाळची पहिली बस धरून, ऑगस्टच्या पावसात भिजत आलेली. पातळाचा काठ चिखलानं माखलेला, आणि दारातल्या वॉचमननं पास विचारला तर "माझा नातू हाय आत, पास कसला मागतोस?" म्हणून त्यालाच बाजूला सारलेलं. कॉटवर तिचा नातू, म्हणजे माझ्या आतेभावाचा मुलगा, डेंग्यूनं मलूल पडलेला. अकरावीतला पोरगा, मुळातच काटकुळा, त्यात तापामुळं पोटात धड काही नाही. आत्तीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला नाही. थेट दंडाचं मांस चिमटीत धरून बघितलं. "काय न्हाई बग अंगात," ती म्हणाली. "साठाच न्हाई. मग तापाशी झुंजायचं कशानं?" आणि माझ्याकडं वळून, "तू ते काचंखाली बगत असतीस न्हवं? तूच सांग. अंगात जरा चरबी असली तर माणूस आजारपणात तगतंय का न्हाई?"

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले, नर्सनं सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलं, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. प्रश्न मात्र डोक्यात बसला. आत्तीचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. खरं ती समजत होती तेवढं ते सरळही नव्हतं.

त्या मोसमात दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच विचारपूस चालते: प्लेटलेट किती झाल्या? काल साठ हजार होत्या, आज बेचाळीस. पलीकडच्या कॉटवाल्याच्या वाढल्या म्हणे, त्याला पपईच्या पाल्याचा रस दिला होता. लगेच कुणीतरी वडगावातल्या पाव्हण्यांच्या परसात पपई आहे म्हणून मोटारसायकल काढतं. फळवाला किवीचा भाव चढवून बसलेला असतो, आणि एरवी शेळीच्या दुधाचं नाव काढलं तर नाक मुरडणारी माणसं पेलाभर दुधासाठी गल्लोगल्ली फिरतात. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेटच्या आकड्यामुळं नव्हे. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. आणि हे नेमकं ताप उतरायच्या सुमाराला होतं, जेव्हा घरचे हुश्श म्हणून अंघोळीला आणि डबा आणायला गेलेले असतात. आमच्या पोराचं तसं काही झालं नाही. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं, यकृताला जराशी सूज दिसली, पण ते तेवढ्यावरच थांबलं आणि तो सुखरूप घरी गेला. तुपाला डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. ती किटली आमच्या फ्रीजमध्ये आली आणि आम्हीच खाल्लं ते तूप, गरम भातावर घालून, थोडं ओशाळत.

माझं काम पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये, तेही रक्ता-लघवीच्या खिडकीवर नव्हे, आतल्या बाजूला, मांसाच्या तुकड्यांपाशी. फॉर्मॅलिनच्या बाटल्यांतून येणाऱ्या तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक करायचे, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. यकृताची बायोप्सी सुईनं काढतात. दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा बारीक विटकरी धागा असतो. सवयीच्या नजरेला बाटलीतच कळतं. निरोगी यकृताचा धागा तळाशी जाऊन बसतो. चरबी भरलेला असेल तर पिवळट दिसतो आणि पुष्कळदा वर तरंगतो. मग तो अल्कोहोलच्या डब्यांतून जातो, झायलीनमधून जातो, मेणात बसतो, आणि या वाटेत त्यातली चरबी विरघळून निघून जाते. शेवटी काचेवर गुलाबी पेशी दिसतात, जांभळी केंद्रकं दिसतात, आणि चरबी होती तिथं गुळगुळीत काठाची पांढरी गोल भोकं. डॉक्टर रिपोर्टात त्या भोकांचाच हिशेब लिहितात: किती टक्के पेशींत आहेत, मोठी आहेत की बारीक. गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत हल्ली जे फॅटी लिव्हर लिहून येतं, ते आमच्याकडं असं दिसतं. म्हणजे दिसत नाही, त्याची रिकामी जागा दिसते.

मला वाटतं, या थेंबांकडं इतकी वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही त्याला ही रिकामी जागाही थोडी कारणीभूत असावी. पेशीत तेलाचे थेंब असतात हे एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनाही ठाऊक होतं. पण केंद्रक, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया यांना जो मान मिळाला तो या थेंबांच्या वाट्याला आला नाही. आमच्या कॉलेजच्या पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत ते होते की नव्हते हेसुद्धा मला आठवत नाही. उरलंसुरलं तेल पडून राहतं, लागलं की पेशी वापरते, यापलीकडं त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. १९९१ साली चरबीच्या पेशींतल्या थेंबावर पेरिलिपिन नावाचं प्रथिन बसलेलं सापडलं, आणि मग हळूहळू लोक वळून बघायला लागले. नीट बघितलं तर हा थेंब म्हणजे चांगली बांधलेली वस्तू निघाली. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर, म्हणजे साठवणीची चरबी, घट्ट भरलेली. भोवती फॉस्फोलिपिडचा, म्हणजे पटलं ज्या चरबीची बनतात तिचा, पापुद्रा, आणि तोही एकपदरी. पेशीतली बाकीची सगळी पटलं दुपदरी असतात, हा एकटाच एकपदरी, कारण आत पाणी नाही, तेल आहे. या पापुद्र्यावर प्रथिनं बसलेली. कुणी साठा राखतं, कुणी मागणी आली की तेल तोडून बाहेर सोडतं, कुणी थेंबाला धरून पेशीत इकडून तिकडं नेतं. एखादा थेंब मायक्रॉनहूनही लहान असतो, तर चरबीच्या पेशीत एकच थेंब वाढत वाढत शंभर मायक्रॉनपर्यंत जातो आणि बिचारं केंद्रक कडेला चेपून टाकतो.

यासाठी मला आत्तीच्या माजघरातली कणगी सोडून दुसरं काही सुचत नाही.

ती कणगी आता नाही. प्लास्टिकची पोती आली, मग पत्र्याची कोठी आली. पण लहानपणी सुट्टीत तिथं गेलं की माजघराच्या अंधारात पहिल्यांदा वास यायचा तो तिचा: शेणाचा, मातीचा, आणि त्याखालून येणारा नव्या भाताचा कोरडा, नाकात हुळहुळणारा वास. बुरुडानं विणलेली, आतूनबाहेरून शेणमातीनं लिंपलेली, माझ्याहून उंच. तळाशी भात काढायला एक भोक आणि त्याला चिंध्यांचा बोळा. खानापूर भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कणगीचं मोल सांगायला नको. आषाढात वाट बंद, ओढ्याला पाणी, चार-चार दिवस वीज नाही, आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच. त्या दिवसांत कणगी भरलेली असणं हीच घराची पत. आणि त्या दिवसांतच रात्री पाठीमागच्या भिंतीतून कुरतडल्याचा आवाज यायचा. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, कंदील घेऊन उठायचे. घूस कणगीच्या वरून कधी येत नसे. ती जमिनीतून बीळ पाडून बरोबर तळाशी निघायची. घरात इतकं सामान, इतके कोनाडे, पण तिला पहिल्या रात्रीत कणगी सापडायची. इतकंच असतं तर ठीक होतं. घूस नुसतं भात खाऊन जात नाही, ती कणगीच्या बुडाशी घर करते आणि पिल्लं घालते.

विषाणू नेमकं हेच करतात. त्यांच्याजवळ स्वतःचं असं जवळपास काही नसतं. डेंग्यूचा विषाणू सुमारे पन्नास नॅनोमीटरचा, म्हणजे एक मायक्रॉनच्या थेंबापुढं त्याचा व्यास विसावा हिस्सा. त्याच्या आरएनएत, म्हणजे त्याच्या जनुकांच्या मजकुरात, पावणेअकरा हजारांच्या आसपास अक्षरं आणि त्यातून बनणारी प्रथिनं दहा. आपल्याकडं प्रथिनांचे आराखडे वीस हजारांच्या घरात. दहा प्रथिनांच्या भांडवलावर त्याला पेशीत शिरून आपल्या हजारो नकला काढायच्या असतात. नकला काढायला ऊर्जा लागते, नकला काढायचा अड्डा बांधायला पटलं लागतात, पटलांना चरबी लागते. कारखाना काढायला निघालेल्या माणसाजवळ ना वीज ना विटा. मग तो आधी शोध घेतो साठ्याचा.

सगळ्यात उघडपणे हे सापडलं ते सी हिपॅटायटिसमध्ये. पूर्वी आमच्याकडं त्या रोगाच्या बायोप्सी नेमानं यायच्या आणि स्लाइड हातात घेतली की पुष्कळांत भोकंच भोकं दिसायची. रोगी दारू न पिणारा, अंगानं सडपातळ, आणि यकृतात मात्र चरबी. सी हिपॅटायटिसचे जे प्रकार आहेत त्यांतला तिसरा प्रकार भारतात सगळ्यात जास्त आढळतो, आणि यकृतात चरबी साठवायला लावण्यात तोच सगळ्यात पुढं. त्याचं कारण २००७ साली जपानी शास्त्रज्ञांनी पेशींत दाखवून दिलं. या विषाणूचं गाभ्याचं प्रथिन, ज्याचं कवच होतं ते, तयार झालं की थेट तेलाच्या थेंबावर जाऊन बसतं आणि आरएनएच्या नकला जिथं चालल्यात ती पटलं थेंबाजवळ ओढून आणतं. तिथंच, थेंबाच्या अंगाला लागून, नवे विषाणू जुळतात. गाभ्याच्या प्रथिनाला थेंबावर बसता येऊ नये असा बदल केला तर पेशीत सगळं चालू राहतं, पण नवा, दुसऱ्या पेशीला लागण करणारा विषाणू बनत नाही. शिवाय हे प्रथिन आल्यावर थेंबावर आधीपासून बसलेलं पेरिलिपिनच्या घरातलं प्रथिन तिथून हटतं आणि पेशीभर विखुरलेले थेंब केंद्रकाभोवती गोळा होतात. आणि कडी म्हणजे बाहेर पडायची वाट. यकृत रक्तात चरबी पाठवताना जे कण बांधतं, त्या कणांच्याच वाटेनं, त्यांचंच तेल आणि प्रथिनं अंगाला फासून हा विषाणू रक्तात उतरतो. ज्या घरचं खाल्लं त्याच घरच्या गाडीतून, त्याच घरचे कपडे घालून गावभर. आमच्या मामांच्या घुशीलाही हे जमलं नसतं.

डेंग्यूचं गणित थोडं वेगळं आहे आणि मला ते जास्त गुंतागुंतीचं वाटतं. २००९ साली अर्जेंटिनातल्या एका प्रयोगशाळेनं दाखवलं की डेंग्यूचं कवचाचं प्रथिनही तेलाच्या थेंबांवर गोळा होतं, आणि लागण झालेल्या पेशींत थेंबांची संख्या वाढते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शिकागोला दुसऱ्या पेशींवर काम करणाऱ्यांना उलटं दिसलं: डेंग्यू शिरला की थेंब आटतात. दोन्ही प्रयोग चांगले, दोन्ही माणसं शहाणी. पेशी वेगळ्या, बघायची वेळ वेगळी, आणि विषाणूला साठ्याकडून दोन निरनिराळ्या गोष्टी हव्या असतात, बसायला जागा आणि जाळायला तेल, हेही आहे. शिकागोवाल्यांनी जे उलगडलं ते मी वाचलं तेव्हा जेवणाची सुट्टी संपली तरी डबा उघडायचा राहिला होता. पेशीत जुनं-मोडकं सामान गिळून पचवायची एक व्यवस्था असते, तिला ऑटोफॅजी म्हणतात. उपासमार झाली की पेशी तिच्या आधारानं तग धरते. डेंग्यूचा विषाणू ती व्यवस्था मुद्दाम चालू करतो आणि तिला तेलाच्या थेंबांवर सोडतो. थेंब फुटतात, फॅटी आम्लं सुटतात, ती मायटोकॉन्ड्रियात जाऊन जळतात, त्यातून ऊर्जा बनते, आणि ती ऊर्जा विषाणूच्या नकलांना मिळते. ही व्यवस्था बंद पाडली की विषाणू अडखळतो. मात्र बाहेरून फॅटी आम्लं पुरवली की तो पुन्हा उभा राहतो. म्हणजे त्याला ऑटोफॅजीशी घेणं-देणं नव्हतं, तेलाशी होतं. ग्रामभर साखरेतून चार कॅलरी निघतात आणि ग्रामभर चरबीतून नऊ, हे विषाणूनं कुठल्या शाळेत शिकलं असेल कोण जाणे.

आणि हे दोनच नाहीत. पोरांना हगवण लावणारा रोटा विषाणू पेशीत आपले अड्डे बांधतो त्यांच्या अंगाला तेलाच्या थेंबांची प्रथिनं चिकटलेली असतात, हे २०१० साली दिसलं. पोलिओच्या कुळातले विषाणू थेंबांना आपल्या अड्ड्याशी जखडून त्यातली फॅटी आम्लं पटलं बांधायला घेतात. २०२० साली, आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो तेव्हा, ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांना कोविडच्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत तेलाचे थेंब वाढलेले दिसले, आणि थेंब बनवणारं एक एन्झाइम औषधानं अडवल्यावर प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणूची वाढ घटली. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत मी सकाळी कधीमधी फिरायला जाते. आता ते मैदान म्हणजे झाडी, क्रिकेट आणि पेन्शनरांच्या गप्पा. पण एके काळी तिथं देवीची लस बनत असे, वासरांच्या कातडीवर व्हॅक्सिनियाचा विषाणू वाढवून. आमच्या वडिलांच्या दंडावर त्या लसीचा वण होता, आत ओढल्यासारखा, जुन्या नाण्याएवढा. भारतातली शेवटची देवी १९७५ साली, आणि १९८० साली जगातून ती गेल्याची घोषणा. ज्या विषाणूनं हे काम करून दिलं तो व्हॅक्सिनियाही पेशीला नवी फॅटी आम्लं बनवायला लावतो आणि ती साठ्यात पडू न देता मायटोकॉन्ड्रियात जाळायला धाडतो, हे २०१४ साली कळलं. एवढी वर्षं तो वाढवून माणसांच्या दंडावर टोचला गेला, आणि आपण काय खाऊन वाढतोय ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

सुगीला आत्तीकडं गेले तेव्हा हे सगळं तिला सांगायचा प्रयत्न केला. पोरगा तोवर टुणटुणीत झाला होता आणि मोबाईलवरून मान वर काढत नव्हता. आत्ती सूप घेऊन भात पाखडत बसली होती. मी म्हटलं, आत्ती, तो जंतू साठ्यावरच जाऊन बसतो. तिनं पाखडणं थांबवलं नाही. "मग साठा करूच नये व्हय?" तसं नाही, म्हटलं. "न्हवं, तूच म्हणालीस की. साठ्यावर बसतंय म्हणून." मग थोडा वेळ थांबून, "उंदीर येतंय म्हणून कणगी मोडली असती तर तुज्या बापानं काय खाल्लं असतं?" यावर मी काय बोलणार.

तिला तिथं सांगता आलं नाही ते इथं सांगते, कारण असल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर गेल्या की त्यांचं काय होतं ते आपण बघतो. पोटावरची चरबी आणि पेशीतला तेलाचा थेंब हे एकच नव्हेत. आत्तीच्या नातवासारख्या काटकुळ्या माणसाच्या यकृताच्या पेशींतही थेंब असतात, आणि उपास केला तर यकृतातले थेंब उलट वाढतात, कारण अंगातली चरबी वितळून तिथंच येते. त्यामुळं तापात तूप बंद केल्यानं विषाणू उपाशी मरत नाही. मळमळत असताना ते पचत नाही म्हणून डॉक्टर नको म्हणतात, एवढंच. दुसरीकडं, लठ्ठ मुलांत डेंग्यू गंभीर होण्याचं प्रमाण काहीसं जास्त आढळतं हेही खरं, आणि त्यामागं नुसते थेंब नाहीत, सूज, रक्तवाहिन्या, औषधाचं आणि सलाईनचं मोजमाप अशी बरीच भानगड आहे. आत्तीच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नाही. लांबलचक आजारात, टीबीत, मोठ्या ऑपरेशननंतर, अंगात काही असलेला माणूस तगतो. आमच्या वॉर्डात ते रोज दिसतं. डेंग्यू मात्र पंधरवड्यात निकाल लावणारा रोग, तिथं साठा पुरवून खायची वेळच येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कळल्यावर मला आत्तीसाठी बरं वाटलं. २०२० साली बार्सिलोनाच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पेशीला जंतूचा सुगावा लागला की हेच तेलाचे थेंब आपल्या अंगावर जंतू मारणारी प्रथिनं चढवतात. मायटोकॉन्ड्रियाला तेल पुरवायचं काम थोडं मागं ठेवतात, त्यांच्यापासून दूर सरकतात आणि जंतूंच्या अंगाला जाऊन भिडतात. त्याआधीच, २००९ साली, व्हायपेरिन नावाचं विषाणूंना आवरणारं प्रथिन थेंबांवर बसलेलं सापडलं होतं, आणि ते सी हिपॅटायटिस आणि डेंग्यू या दोघांनाही नडतं. विचार केला तर हे रास्तच आहे. घूस कुठं येणार हे ठाऊक असलेला माणूस सापळा चुलीपाशी कशाला लावेल? आमचे मामाही पिंजरा कणगीच्या बुडाशीच लावत. पण म्हणून घुशी यायच्या थांबल्या नाहीत, आणि विषाणूही थांबलेले नाहीत. मला यात शहाणपण दिसतं तितकीच हतबलताही दिसते.

मग साठ्याची वाटच बंद करणारं औषध का काढू नये? काढायला गेलेत लोक. थेंब बनवणारं जे एन्झाइम मघाशी म्हटलं, डीजीएटी-१, ते अडवणारी औषधं आधीच तयार होती, लठ्ठपणा आणि मधुमेहासाठी. सी हिपॅटायटिसच्या गाभ्याच्या प्रथिनाला थेंबापर्यंत पोचवणारं हेच एन्झाइम, हे २०१० साली सिद्धही झालं. पण माणसांना ती औषधं दिली तेव्हा पोट बिघडायला लागलं, जुलाब लागले, कारण आतड्यालाही जेवणातली चरबी शोषायला तेच एन्झाइम लागतं. साठा पेशीचा, वाट पेशीची, तिथं कुलूप घातलं तर आधी घरचेच अडकतात. सी हिपॅटायटिसवर जो उपाय आला तो वेगळ्याच बाजूनं: सोफोसबुव्हिर, २०१३ साली. ते विषाणूच्या नकला काढणाऱ्या यंत्रातच खीळ घालतं. त्याच्या जोडीला दुसरी गोळी देऊन बारा आठवड्यांत शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात, आणि तिसऱ्या प्रकाराच्या रुग्णांच्या यकृतातली चरबीही विषाणू गेल्यावर ओसरते. आमच्या टेबलावर त्या रोगाच्या बायोप्सी जवळपास येईनाशा झाल्या त्या यामुळं, आणि यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी यंत्रं आली म्हणूनही. धंद्याचं नुकसान झालं म्हणून मी कधी इतकी खूश झाले नव्हते.

डेंग्यूला अजून अशी गोळी नाही.

दरवर्षी आमच्याकडं डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पोरी शिकायला येतात. निपाणीच्या, चिकोडीच्या, खानापूरच्या खेड्यांतल्या, एक-दोघी सीमेपलीकडच्या चंदगडच्याही. गेल्या खेपेला मी ठरवलं की यांना पांढरी भोकं दाखवून सोडायचं नाही. यकृताचा ताजा तुकडा मिळाला तसा तो मेणात न घालता क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठवून काप काढायच्या यंत्रात, गोठवला. उणे वीसच्या आसपास ते पातं तुकड्यावरून फिरतं तेव्हा काप वळतो, चिकटतो, ब्रशनं सांभाळून धरावा लागतो. जास्त चरबी असली तर तो गोठतच नाही नीट, फाटतो. मग ऑइल रेड ओ, चरबीला लाल करणारा रंग. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग प्रत्येक वेळी गाळून घ्यायचा, नाहीतर काचेवर लाल किटण पडतं आणि तेच चरबी वाटतं. वर डीपीएक्स, म्हणजे कव्हरस्लिप चिकटवायचा नेहमीचा डिंक, लावायचं नाही, कारण त्यातलं झायलीन सगळ्यावर पाणी फिरवील. ग्लिसरीन जेलीत कव्हरस्लिप बसवायची. हे सगळं करून स्लाइड लावली आणि पहिली पोरगी डोळा लावून बसली ती उठेचना. ज्या पेशींत तिनं महिनाभर भोकं मोजली होती, त्या आता लालभडक थेंबांनी ठासून भरलेल्या. काही मोठे, काही इतके बारीक की फोकस हलवला की नाहीसे होतात. मागच्या पोरी तिला कोपरानं ढोसायला लागल्या.

त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, डेंग्यूवाल्याच्या लिव्हरमध्ये हे वाढलेले दिसतील का कमी झालेले?" मी तिला अर्जेंटिनाचं आणि शिकागोचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की डेंग्यूच्या रुग्णाला सुई घालायचं धाडस कुणी करत नाही, प्लेटलेट पडलेल्या असतात, रक्त थांबायचं नाही. म्हणून तो तुकडा आपल्या टेबलावर यायचा नाही. बाकीच्या पोरी माना डोलावून गप्प झाल्या. ती काही गप्प झाली नाही.

"मग डासच कापूया की, मॅडम," ती म्हणाली. "त्याच्या अंगातबी असतोय की तो."

सगळ्या खो खो हसल्या. खरं पोरगी बरोबर बोलली होती. २०१६ साली ब्राझीलमध्ये जवळपास हेच केलं होतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत डेंग्यूची लागण झाल्यावर तेलाचे थेंब वाढलेले सापडले, आणि डासाच्या आतड्याच्या पेशी काढून बघितल्या तेव्हा दुसऱ्या एका विषाणूच्या लागणीनंतर तिथंही. मी तिला ते सांगितल्यावर तिनं लगेच पुढचं विचारलं: एवढ्याशा डासाचं आतडं क्रायोस्टॅटवर बसवायचं कसं, आणि आपल्याकडं त्यासाठी सुया मिळतील का.